टॉवरमागे गेलेला ड्रोन

“मॅडम, दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. कोण ते सांगा, बाकीचं मी बघतो.”

मेहता सरांनी मला अजून बसायलाही सांगितलं नव्हतं. त्यांची कंपनी ड्रोनने जमिनीची मोजणी करून देते. पडलेल्या किंवा हरवलेल्या ड्रोनचं नेमकं काय झालं, ते शोधून काढणं हे माझं काम. मला बोलावणाऱ्यांनी बहुतेक वेळा दोषी आधीच ठरवलेला असतो, त्यांना फक्त माझी सही हवी असते. या गोष्टीची मला मनापासून चीड आहे.

टेबलाच्या एका बाजूला केदार बसला होता, ड्रोनचा पायलट. शहरातल्या सिल्व्हर पार्क वस्तीत राहणारा, बोलायला मोकळा, पण त्या दिवशी चेहरा पडलेला. दुसऱ्या बाजूला सुनंदा, मुर्धा गावची. ती ऑब्झर्व्हर होती. पायलटचं लक्ष स्क्रीनवर असतं, तेव्हा आकाशातल्या ड्रोनवर प्रत्यक्ष नजर ठेवणारं कोणीतरी लागतं, ते काम तिचं.

आदल्या दिवशी मुर्ध्याजवळच्या जुन्या मिठागरांची मोजणी चालू होती. मध्ये एक अर्धवट बांधलेला टॉवर आहे. ड्रोन त्याच्यामागे गेला की केदारला दिसत नाही, म्हणून सुनंदा पलीकडच्या बांधावर उभी होती. टॉवरमागे नेण्याआधी केदारने वॉकीटॉकीवर विचारायचं, “नजरेत आहे?” ती ‘हाय’ म्हणाली तर पुढे न्यायचा, ‘न्हाय’ म्हणाली तर जागीच थांबवायचा. केदारने विचारलं, उत्तर आलं, त्याने ड्रोन पुढे नेला. थोड्याच वेळात सिग्नल गेला आणि स्क्रीन करडी झाली. ड्रोन परत आलाच नाही.

“ती हाय म्हणाली, मॅडम. मी माझ्या कानांनी ऐकलंय,” केदार म्हणाला.

“मी न्हायच बोल्ले,” सुनंदा म्हणाली. “ऊन डोल्यांवर आलेला. मना दिसतच नव्हता तो.”

“आता अंगाशी आलं म्हणून न्हाय बोलते,” मेहता सर म्हणाले. “फोनवर टाइमपास करत असेल.”

हेच ते आदल्या दिवशी साइटवर सगळ्या स्टाफसमोर बोलले होते आणि उद्यापासून येऊ नकोस, असंही सांगून मोकळे झाले होते. मुर्धा काही फार मोठं गाव नाही. संध्याकाळपर्यंत बातमी घराघरात पोचली. सुनंदाची ही पहिलीच नोकरी, घरच्यांची मनधरणी करून मिळवलेली. नोकरी गेल्याचं तिला वाईट वाटत होतंच, पण सासूने “खोटा कशाला बोल्लीस?” असं विचारलं, ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

मी आधी ड्रोन शोधायचं ठरवलं. सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप ठरलेल्या उंचीवर चढतो आणि जिथून उडाला तिथे सरळ रेषेत परत येतो. केदारच्या रिमोटमध्ये शेवटची जागा नोंदलेली होती. तिथून उड्डाणाच्या जागेपर्यंत मी नकाशावर रेघ ओढली. रेघ थेट टॉवरमधून गेली. परतीची उंची त्यांनी काम सुरू झालं तेव्हा भरली होती. त्यानंतर टॉवरचे मजले चढत गेले, उंची कोणी बदलली नाही.

आम्ही टॉवरवर गेलो. वरच्या मजल्याबाहेर बांधलेल्या हिरव्या जाळीत ड्रोन अडकलेला होता, दोन पंखे तुटलेले. मी खाली वाकून पाहिलं. बरोबर खाली मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या आणि एक बाई दारात बसून मुलीची वेणी घालत होती. जाळी नसती तर ड्रोन थेट त्या दोघींवर पडला असता.

ड्रोन सापडला, पण भांडण तसंच होतं. मी दोन्ही वॉकीटॉकी मागून घेतले. सेट नवे होते, त्याच आठवड्यात आलेले. केदारला आणि मेहता सरांना त्याच्या सेटसह टॉवरखाली उभं केलं आणि सुनंदाला घेऊन बांधावर गेले. केदारने विचारलं, सुनंदा ‘न्हाय’ म्हणाली. त्याला स्वच्छ ‘न्हाय’ ऐकू आलं. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदाही तेच.

“बस झालं ना, मॅडम?” सेटवर मेहता सरांचा आवाज आला. सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला नजर देणं जड गेलं.

मग लक्षात आलं की आम्ही मध्ये न थांबता लगेच लगेच बोलत होतो. कामाच्या वेळी असं होत नाही. केदार विचारतो, मग सुनंदा आकाशात ड्रोन शोधते, तोवर दोन्ही सेट गप्प असतात. मी केदारला सांगितलं, “विचार, आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहा.” त्याने विचारलं. मी सुनंदाला बराच वेळ थांबवलं आणि मग बोलायची खूण केली.

“न्हाय,” ती माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली.

मी तिच्या हातातला सेट घेतला. “केदार, काय ऐकलंस?”

पलीकडून हळूच आवाज आला, “हाय.”

नव्या सेटमध्ये बॅटरी सेव्हर चालू होता. बॅटरी वाचवायला सेट मधूनमधून डुलकी घेतो. आवाज आला की जागा होतो, पण तेवढ्यात पहिलं अक्षर निसटतं. दुसरा शब्द असता तर काही बिघडलं नसतं. ‘न्हाय’मधला ‘न’ गेला की उरतं ते ‘हाय’. सुनंदाची बोली केदारने हौसेने शिकून घेतली होती. शिकला नसता, तर ‘हाय’ ऐकून त्याने कदाचित पुन्हा विचारलं असतं.

केदार धावतच बांधावर आला. “ताई, माझं चुकलं. मला खरंच तसंच ऐकू आलं होतं.”

“तुजा काय चुकला?” ती म्हणाली. “तू आयकला तेच बोल्लास.”

मागून मेहता सर आले. “चलो, क्लिअर झालं,” ते म्हणाले. “सुनंदा, उद्यापासून ये कामाला. पगार कापणार नाही.”

ती जागची हलली नाही. “सायेब, मना खोटी बोल्लात ते सगल्यांच्या समोर. आता खरी बोलताव ते एकटीला?”

मेहता सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सेट बंद करून त्यांच्या हातात दिला, माझं काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साइटवर त्याच जागी सगळा स्टाफ गोळा केला आणि सांगितलं, “सुनंदा खरं बोलत होती. चूक आपल्या सेटची आणि माझी.” हे सगळं हिंदीत सांगून झाल्यावर सुनंदाने मराठीतही सांगायला लावलं, कारण ऐकायला तिची सासूही आली होती.

आता त्या टीममध्ये ‘हाय’ आणि ‘न्हाय’ दोन्ही शब्द बंद आहेत. ड्रोन दिसला तर ‘पुढे’ म्हणायचं, नाही तर ‘थांब’. रिपोर्टमध्ये मी परतीची जुनी उंची नोंदवली आणि चुकीच्या ‘हाय’चं कारण लिहिलं, बॅटरी सेव्हर. ते सापडायला मला एक दिवस लागला. तिला खोटं ठरवायला कोणाला एक मिनिटही लागलं नव्हतं.