न टाकलेल्या चेंडूचा विजय

मिल्सियादेस पेगेरो सध्या कुठल्या देशात आहे, हे बानी गावात कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नसे; त्याच्या बायकोलासुद्धा नाही. नुरीसचं पार्लर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. बायका डोक्याला रोलर लावून बसल्या की पहिला प्रश्न तोच.

"नुरीस, तुझा नवरा हल्ली कुठल्या टीममध्ये गं?"

"सकाळपर्यंत मेक्सिकोत होता. आत्ताचं विचारू नका, दुपार झाली."

बानीतली पोरं बेसबॉल खेळून अमेरिकेत जात आणि गावात बंगला बांधत. मिल्सियादेसही मिसरूड फुटायच्या आत गेला. त्याच्या बंगल्याचा पाया तेवढा झाला. वर आलेल्या सळयांवर नुरीस पार्लरचे टॉवेल वाळत घाली.

तो बदली पिचर होता, म्हणजे गरजेपुरता चेंडू टाकायला येणारा, आणि त्यातही डावखुरा. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर जड जातो, म्हणून तसा एखादा बॅट घेऊन उभा राहिला की कुंपणाकडेला बसलेल्या मिल्सियादेसला हाक यायची. दोन-चार चेंडू टाकून होतात न होतात तोच मॅनेजर येऊन हातातला चेंडू काढून घ्यायचा. लग्नात अंतरपाट धरणाऱ्याचं असतं तेवढंच काम: धरला, सोडला, बाजूला झाला. एवढ्यासाठी माणूस कायमचा पोसावा असं कुठल्याच संघाला वाटलं नाही. अमेरिकेतली फुटकळ गावं झाली, मेक्सिको झालं, तैवान झालं, एक उन्हाळा इटलीत गेला. एका संघाने तर त्याला देऊन बदल्यात मैदानाला पाणी मारायची मोटर घेतली. डॉमिनोच्या सोंगट्यांच्या टेबलावर हा विषय निघाला की मिल्सियादेस शांतपणे सांगे, "मोटर नवीकोरी होती."

चौतिसाव्या वर्षी एका मोठ्या संघातले तिन्ही डावखुरे एकदम जायबंदी झाले. चौथा कुणी सापडेना, तेव्हा त्यांनी मिल्सियादेसला बोलावलं. टीव्हीवर दिसते ती खरी लीग. इतक्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच पोचला होता.

बातमी आली आणि पार्लरमध्ये खुर्च्या पुरेनात. नुरीसने केळी आणि सलामी सॉसेजच्या चकत्या तळल्या. शेजारच्या फेफामावशी केस धुवायला म्हणून आल्या होत्या, त्या डोक्याला फेस तसाच ठेवून बसल्या. सामना बरोबरीत होता, आठवा डाव चाललेला. समोरच्यांचे दोन गडी बाद, एक जण पहिल्या बेसवर, आणि बॅट घेऊन एक डावखुरा रेडा. कुंपणाचं दार उघडलं. मिल्सियादेस धावत मैदानात आला.

"जाडा झालाय," फेफामावशी म्हणाल्या.

आणि वीज गेली.

बानीत वीज जाते, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण त्या दिवशी वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. वीज परत आली तेव्हा सामना संपला होता. पडद्यावर नुसती अक्षरं होती: विजयी पिचर, पेगेरो.

तिथे घडलं होतं ते असं. पिचरच्या उंचवट्यावर उभं राहून मिल्सियादेसने त्या रेड्याकडे पाहिलं. चेंडू टाकायचा धीर होईना. थोडा वेळ काढावा म्हणून त्याने चेंडू उगीचच पहिल्या बेसकडे फेकला. तिथला धावपटू बेस सोडून चार पावलं पुढे गेलेला, आपल्याच तंद्रीत. बिचारा आयता बाद झाला. तिसरा गडी गेला, डाव संपला. लगेच आलेल्या आपल्या पाळीत मिल्सियादेसच्या संघाने धाव काढली, नवव्या डावाला दुसरा पिचर आला, पण नियम असा की संघ पुढे गेला तेव्हा जो पिचर होता, विजय त्याच्या नावावर. फलंदाजाच्या दिशेने एकही चेंडू न टाकता मिल्सियादेस जिंकला. आठवड्याभरात एक जायबंदी बरा झाला आणि मिल्सियादेसच्या हाती घरचं तिकीट पडलं.

तो घरी येईपर्यंत गावाने सामना स्वतःच पुरा केला होता. आधी त्याने त्या रेड्याला तीन चेंडूंत उडवला. मग कोपऱ्यावरच्या दुकानात रमची बाटली फिरता फिरता आणखी दोघे उडाले. मिल्सियादेस बसमधून उतरला तेव्हा रेड्याने रडत बॅट फेकून दिली होती.

"खरंच रडला का रे?" दुकानदाराने विचारलं.

मिल्सियादेस म्हणाला, "घाम असेल."

एवढंच म्हणाला. खोटं बोलला नाही, पण खऱ्याच्या वाटेलाही गेला नाही.

नगरसेवक लिबोरियो पुढच्या निवडणुकीत महापौर व्हायला टपला होता. त्याने गल्लीला मिल्सियादेसचं नाव द्यायचं ठरवलं. बँड ठरला, फलक रंगवायला गेला. तेवढ्यात न्यूयॉर्कहून मिल्सियादेसचा चुलतभाऊ विल्किन आला. मोबाइलवर त्या सामन्याचं चित्रीकरण घेऊनच. पार्लरमध्ये त्याने ते सगळ्यांसमोर लावलं. ड्रायर बंद झाले. चित्र एका मिनिटात संपलं.

"पुढचं लाव," फेफामावशी म्हणाल्या.

"पुढचं नाहीच, मावशी. एवढंच आहे."

रात्री जेवताना नुरीसने डाळीचं भांडं टेबलावर आपटलं. "गावाला सांगू नकोस. पण मला? घरात कुठे डावखुरा फलंदाज उभा आहे, मला सांगायला घाबरायला?"

"घाबरलोच होतो," मिल्सियादेस म्हणाला. "तिथे. चेंडू हातातून सुटेना."

नुरीसने त्याच्या ताटात भात वाढला आणि ती म्हणाली, "उद्या लिबोरियोला जाऊन सांग."

लिबोरियोने सगळं ऐकून घेतलं. "फलक रंगवून झालाय," तो म्हणाला. "आणि रंग सुकलाय."

मग मिल्सियादेसने समारंभातच माइक हातात घेतला आणि घडलं तसं सांगितलं: मी भ्यालो होतो, चेंडू टाकलाच नाही, तो धावपटू पेंगत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढा मोठा झाला तरी पाय जमिनीवर आहेत, असं म्हणत फादरनी डोळे पुसले. पुढच्या रविवारच्या प्रवचनात विनयाचा दाखला म्हणून मिल्सियादेसच आला. विल्किन चार जणांना मोबाइल दाखवत फिरला, तर लोकांनी त्यालाच झापलं: भावाचं भलं बघवत नाही मेल्याला. लिबोरियो महापौर झाला.

मिल्सियादेस मार्चमध्ये निकाराग्वाला गेला. त्या संघाकडे दुसरा बदली पिचर नव्हता, त्यामुळे उजव्या-डाव्या सगळ्यांनाच त्याला सामोरं जावं लागलं. फलंदाजांनी त्याला धू धू धुतला. पण चेंडू मात्र तो दर वेळी टाकत राहिला, आणि हे त्याने फोनवर नुरीसला आवर्जून सांगितलं. दुसऱ्या हंगामात खांदा गेला तेव्हा तो कायमचा घरी आला.

आता तो पार्लरमध्ये बायकांची डोकी धुतो. फेफामावशी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, याचा हात हलका आहे. निकाराग्वातले फलंदाजही तेच म्हणायचे. टॉवेल सळयांवर वाळतात, आणि ते गोळा करून आणायचं कामही आता त्याचंच.