सकिनाची पांढरी माती

इन्स्पेक्ट्रेसबाई यायला आठ दिवस उरले होते आणि माझ्या तिसरीतली सगळ्यात हुशार मुलगी शाळेत येत नव्हती. तीन दिवस झाले होते. कारण वर्गातल्या सगळ्या मुलींना ठाऊक होतं. मलाही होतं.

मोताळ्यापासून दोन कोसांवर ही मुलींची शाळा. एक खोली, पंचवीसेक मुली आणि एक बाई. ती बाई मी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. शाळाखात्याचं मोठं ऑफिस नागपूरला, आणि तिथून फर्मान आलं होतं की तपासणीत ऑब्जेक्ट लेसन पाहिला जाईल. ऑब्जेक्ट लेसन म्हणजे पुस्तक मिटायचं आणि वस्तू मुलांच्या हातात देऊन शिकवायचं. मी विषय निवडला माती. शेतकऱ्यांच्या पोरींना माती काय शिकवायची, काम आपोआप होईल, असं मला वाटलं. आळशीपणाच होता तो.

"उद्या प्रत्येकीनं आपापल्या वावरातलं एक ढेकूळ आणा," मी फर्मावलं. वावर म्हणजे आमच्याकडे शेत.

दुसऱ्या दिवशी ढेकळांचा ढीग झाला. काळी आली, डोंगराकडची मुरमाड बरड आली, नदीकाठच्या मळ्यातला गाळ आला. मुलींनी ढेकळं फोडली, हुंगली, पाणी घालून मळली. ओल्या काळीची वळी लांबच लांब होते, बरडीची वळतच नाही, हे त्यांनी मला दाखवलं. मी खोकी मांडून वर चिठ्ठ्या लावत होते. उत्तम, मध्यम, हलकी. इतक्यात सकिना पुढे आली. ओढणीच्या टोकात तिनं एक ढेकूळ जपून बांधून आणलं होतं. पांढरं.

ट्रेनिंगच्या पुस्तकात पांढरी माती नव्हती. मी म्हटलं, "ही गावठाणातली. हिच्यात काही उगवत नाही. मी वावरातली आणायला सांगितली होती ना? टाकून दे."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, सकिनाले वावरच नाही!" सगळा वर्ग हसला. सकिना दारात गेली, ढेकूळ बाहेर टाकलं, ओढणी झटकली आणि जागेवर येऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मी निदान जवळ घेतलं असतं.

त्यानंतर ती आली नाही.

तिसरीची परीक्षा इन्स्पेक्ट्रेसबाई स्वतः घेणार होत्या. त्या दिवशी गैरहजर म्हणजे नापास. सकिनाच्या वडिलांनी, करीमभाईंनी, मला आधीच बजावलं होतं, पास झाली तर पुढं, नाही तर घरी. ही पोर पुढे मास्तरणी घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलला जाईल, माझ्यासारखी बाई होईल, असे मांडे मी मनात खात होते. मला मूलबाळ नाही. लग्नानंतर दोन वर्षांतच कुंकू पुसलं गेलं. पाटी पुसण्याआधी सकिना एकदा माझ्याकडे बघायची, पुसू का म्हणून. त्या बघण्याची मला सवय झाली होती. ते तीन दिवस मी सारखी दाराकडे पाहत होते.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मीच निघाले. वैशाख होता. करीमभाई एका धाब्यावर काम करत होते. धाबं म्हणजे सपाट छप्पर. खाली लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर चोपून बसवलेला मातीचा जाड थर. पाऊस लागण्याआधी गावातली सगळी धाबी करीमभाई दुरुस्त करायचे. शिडीशी सकिना टोपल्या भरून देत होती. मला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"करीमभाई, सकिनाला शाळेत पाठवा. परीक्षा आली," मी खालूनच म्हणाले.

"म्या कुठं अडवलं? पोरगीच नाही म्हनते." ते धाब्याच्या काठाशी येऊन बसले. "बाई, एक गोष्ट इचारू? तुमच्या शाळेच्या धाब्यावर कोन्ती माती हाय?"

मी कधी वर पाहिलंच नव्हतं. तीन पावसाळे त्या धाब्याखाली काढले होते.

"पांढरी. माह्याच हातची. जुन्या गढीच्या टेकाडावरून आनतो आम्ही. काळी टाकून पाहा एक डाव. उन्हानं भेगा पडतात, अन् पाऊस आला का सारं पानी तुमच्या डोक्शावर. पोरीनं चाळून, निवडून आनलं होतं ते ढेकूळ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सकिनाजवळ गेले. "मला ती माती हवी आहे, सकिना."

"काऊन?" ती टोपलीकडे बघत म्हणाली. "उगवत तं नाही तिच्यात काई."

"चुकलं माझं," मी म्हटलं. बापासमोर, धाब्यावरच्या मजुरांसमोर म्हटलं. तेव्हा शिक्षक असं म्हणत नसत. करीमभाईंनी मान खाली घातली. सकिनानं मात्र पहिल्यांदा वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, आणि धडा तिनंच घेतला. दोन जुन्या टोपल्या पालथ्या घालून तिनं दोन छोटी धाबी केली. एकावर काळी चोपली, एकावर पांढरी. चार दिवस ती उन्हात वाळली. मग तिनं एका मुलीला दोन्हींवर तांब्यातांब्यानं पाणी ओतायला लावलं. काळीला बोटबोट भेगा पडल्या होत्या, पाणी थेट खाली आलं. पांढरीवरून ते ओघळून गेलं, खालची जमीन कोरडी राहिली. त्या दिवशी हसलेल्या मुली आता "मले पाहू दे, मले पाहू दे" करत तिच्याभोवती जमल्या. मी उत्तम-मध्यमच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या.

इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या. खोकी पाहिली, दोन-चार ढेकळं उचलून पाहिली आणि विचारलं, "सांगा, सगळ्यांत चांगली माती कोणती?"

"काळी!" वर्ग एका सुरात ओरडला. इतक्या दिवसांत एवढंच शिकल्या होत्या माझ्या मुली.

सकिना उभी राहिली. "कोन्त्या कामाले, बाई?"

इन्स्पेक्ट्रेसबाई हसल्या. तिला पुढे बोलावून अर्धा तास तिच्याशीच बोलत बसल्या. जाताना वर छपराकडे बघून गेल्या. सकिना पास झाली. शेऱ्यांच्या वहीत माझ्या शिकवण्याची तारीफ आली, जी माझी नव्हती.

पण चौथीत ती बसली नाही. गावातल्या मोठ्या घरांवर टिनाचे पत्रे चढू लागले होते, धाब्यांची कामं आटली. शाळा उघडायच्या आत करीमभाई बिऱ्हाड घेऊन मलकापूरला गेले, कापसाच्या जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. मी तेव्हा सुटीत अमरावतीला होते. परत आले तर त्यांच्या दाराला कडी. मी मलकापूरला दोन कार्डं टाकली. धड पत्ता नव्हता, उत्तर आलं नाही. पुढे कित्येक वर्षं मलकापूर स्टेशनवर गाडी थांबली की मी खिडकीतून फलाटावरच्या बाया बघत असे. ती किती मोठी झाली असेल याचा अंदाज मी दर वर्षी मनात वाढवून घ्यायची. अजूनही घेते. तिला नातवंडं असतील आता.

मातीचा पाठ मी नोकरीभर घेतला. मुलांना एवढंच सांगायची, "तुमच्या घरी जी माती असेल ती आणा." पांढरी दर वर्षी यायची. तिला मी पहिलं खोकं द्यायची.

मला विचाराल तर नव्या शिक्षकांना सांगण्यासारखं माझ्याजवळ थोडंच आहे. काही आणायला सांगण्याआधी ते पोरांच्या घरी आहे का, ते पाहावं. आणि जे आणतील ते आधी हातात घ्यावं, मग बोलावं. ट्रंकेत माझ्याजवळ पांढऱ्या मातीचा एक तुकडा आहे. तिनं केलेल्या त्या छोट्या धाब्याचा, तिची बोटं उमटलेला. पण ओढणीत बांधून तिनं माझ्यासाठी आणलं होतं, ते ढेकूळ वेगळं. ते मी हातातही घेतलं नव्हतं.