चिनी मातीच्या दातावरची क्लिप

सोलापुरातले आमचे दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात बोटं घालून प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाटही बघायचे. माझे दात तारेनं सरळ करायचे होते. पण पुढचा एक दात चिनी मातीचा बसवलेला, त्यावर तार धरणारी क्लिप टिकेना.

"वरची चकाकी घासली तर चिकटेल की," ते म्हणाले, "पण शेवटी क्लिप काढताना दात तडकला तर?"

मी घाबरले. त्यांनी थोडे दिवस थांबायला सांगितलं.

पुढच्या खेपेला ते हसले, तर त्यांचाही एक दात चिनी मातीचा, आणि त्यावर चकाकी घासून चिकटवलेली क्लिप! माझ्यासमोरच त्यांनी ती पकडीनं ओढली. दाताचा टवका उडाला.

"बघा बाई, तुमचा वाचला की!" म्हणत ते लई खूश झाले. माझा दात त्यांनी क्लिपविना, नुसत्या तारेनं शेजारच्या दातांना बांधला. स्वतःचा तुटका दात मात्र तसाच ठेवून ते सगळ्यांशी मोकळेपणी हसत राहिले.