ट्रंकेवरची गोधडी

खालून मोजायचं. आधी जाड काळं कापड. त्यावर स्प्रिंगा, प्रत्येक आपापल्या कापडी पिशवीत शिवलेली. ठोकळा लहान, म्हणून चारच. त्यावर कडक फोम, अंगठ्याच्या पेराएवढा. मग लॅटेक्स, पावासारखं भोकाभोकांचं. मग मऊ फोम, अगदीच पातळ. सगळ्यात वर शिवणीचं पांढरं कापड. स्प्रिंगांचा थर धरून सहा.

पहाट व्हायची आहे. केतकीला मधेच जाग आलेली आहे आणि परत झोप लागावी म्हणून ती उशाशी ठेवलेला गादीचा नमुना अंधारात बोटांनी चाचपते आहे. दुकानदाराने हौसेने दिलेला ठोकळा, बर्फीच्या खोक्याएवढा. भिंतीपलीकडच्या खोलीत याच गादीची थोरली बहीण पलंगावर पसरलेली आहे आणि तिच्यावर केतकीची आई झोपली आहे.

केतकी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पुण्यात एका प्रयोगशाळेत रबर आणि फोम दाबून बघायची नोकरी करणारी. आईच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, एका सकाळी दुधाचं पातेलं हातातून सुटलं, हे तिला शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. आईने नव्हे. तशी ती रजा टाकून विट्याला आली. आईच्या पलंगावर अजून आप्पांच्या वेळची प्लायवूडची फळी होती आणि तिच्यावर दोन बोटं जाडीची कापसाची गादी. आप्पा, म्हणजे तिचे वडील, एसटीचे ड्रायव्हर. त्यांची पाठीतली चकती सरकली तेव्हा डॉक्टरांनी कडक अंथरूण सांगितलं, आणि तेव्हापासून या घरात कडक तेवढं चांगलं असा कायदाच होऊन बसला. आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. फळी होती तिथेच होती.

केतकीने फळी काढली. खाली स्प्रिंगा, वर फोम अशी हायब्रिड गादी आणली. तीही त्यातली कडक. आईला तिच्यावर झोपवून कंबरेखालची पोकळी मोजपट्टीने मोजली. असायला हवी तेवढीच होती. गारठ्यात फोम ताठरतो, म्हणून लांब सुईचा तापमापकही बरोबर आणला होता. त्यानेही नीट उत्तर दिलं. आता एकच काम उरलंय. गादी बदलून हवी असेल तर आज संध्याकाळपर्यंत दुकानात सांगायचं. तिथे हीच गादी, वरचा मऊ थर तिप्पट जाड असलेलीही आहे. केतकी रोज आईला विचारते आणि आई रोज म्हणते, “चांगली आहे की गं.” पण पातेलं अजून दोन्ही हातांनी उचलते.

काल रात्री गारठा वाढला म्हणून केतकी ट्रंकेवरची जुनी गोधडी काढायला गेली, तर आईने तिचा हात धरला. “राहू दे. वापरात नाही ती. मला सोलापुरी चादर पुरते.”

काळं कापड. स्प्रिंगा. कडक फोम. लॅटेक्स. बोट मऊ थरावर येतं, थर खाली जातो. जरा जास्तच खाली जातो.

पायथ्याशी कुणीतरी बसलं आहे.

“वजन पडंल तिथंच दबती व्हय ही? शेजारचं हलत न्हाई.”

“प्रत्येक स्प्रिंग सुटी आहे, आप्पा. एकीचं दुसरीला कळत नाही.”

“झ्याक. आमच्या गाडीत खड्डा आला की मागचा माणूस टपाला लागायचा.”

आप्पांच्या अंगावर खाकी आहे, खांद्यावर पंचा, मांडीवर जेवणाचा डबा. ते गेलेत हे केतकीला ठाऊक आहे आणि त्यात वावगं काही वाटत नाही. नवल एवढंच, की पाठीला टेकू न घेता ते इतके ताठ कसे बसलेत.

दुकानातला दिवा पांढराशुभ्र आहे. गाद्या एकीपलीकडे एक, पार नजर पोहोचत नाही तिथपर्यंत, आणि माणूस एकही नाही. केतकीच्या हातात मोजपट्टी आहे.

“आडवे व्हा, आप्पा. बूट काढून.”

“दुकानदार वरडंल.”

“नाही ओरडत. संध्याकाळपर्यंत बदलून देतो तो.”

आप्पा बूट काढतात, दोन्ही एका रेषेत ठेवतात आणि पाठीवर झोपतात. केतकी कंबरेखाली पट्टी सरकवते. हवी तेवढीच पोकळी, ना जास्त ना कमी. आजवर इतकं नेमकं माप कधी आलं नव्हतं.

“कसं वाटतंय?”

“फळीवर झोपल्यागत. लई बेस.”

“मग हीच ठेवते.”

“घेतलीस कुणासाठी?”

“आईसाठी.”

“मग पाठ माझी का मोजतीस, पोरी?”

केतकी पट्टी गुंडाळायला लागते. पट्टी संपतच नाही.

“आईचीपण मोजली. सरळच आहे.”

“कशी झोपली व्हती?”

“पाठीवर.”

आप्पा हसतात, इतके की चारपाच स्प्रिंगा त्यांच्याबरोबर हसतात. “तुझी आई, आन् पाठीवर! तू झोप म्हणालीस म्हणून झोपली आसंल. निऱ्या सारख्या करून, फोटोला बसल्यागत. श्वास तरी घेत व्हती का?”

“मग ती कशी झोपते?”

“चल. गाडी सुटंल.”

गाद्यांवर सीट नंबर आहेत. आप्पा स्टिअरिंगवर, केतकी त्यांच्या मागच्या सीटवर, खिडकीची काच नेहमीसारखी न लागणारी. ही मुक्कामाची गाडी: दिवसाची शेवटची, रात्रभर गावातच थांबणारी आणि उजाडताना पहिली म्हणून परतणारी. रस्ता दिव्यांत थोडाथोडा होत जातो. चिंचेखाली गाडी उभी राहते. कंडक्टर वळकटी काखेत मारून देवळाच्या ओसरीवर झोपायला जातो. आप्पा मागच्या लांब सीटवर पंचा अंथरतात.

“ही बी फळीच. पाठीला बरी. फक्त कूस बदलायची न्हाई, न्हाईतर खाली.”

“मुक्काम कुणालाच नको असायचा ना?”

“कुणालाच न्हाई. मी मागून घ्यायचो.”

“भत्त्यासाठी. आई म्हणायची, ह्यांना घरापेक्षा एसटी प्यारी.”

“म्हणायची.” आप्पा बाहेर चिंचेकडे बघतात. “म्हणू दिलं.”

“म्हणजे?”

आप्पा उठतात. मागचा दरवाजा उघडतात आणि उतरतात ते थेट आईच्या खोलीत.

उजाडतंय. पलंगावर जुनी फळी आहे, जुनी गादी आहे, चादर ताणून घातलेली. स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. आप्पांनी बूट हातात घेतलेत. ते ओठांवर बोट ठेवतात आणि कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे मान हलवतात. ट्रंकेवर गोधडी आहे, कडेला कड जुळवून घडी घातलेली.

“हात लाव.”

केतकी तळवा ठेवते. “गार आहे.”

“वरनं न्हाई. आत घाल.”

ती दोन घड्यांच्या मधे हात सारते. आत ऊब आहे. कोपरापर्यंत हात जातो, तरी ऊबच.

“माझ्या पाठीपायी ती फळीवर झोपायची,” आप्पा हळू आवाजात सांगतात. “सारी रात एका कुशीवर. खांदा फळीला टेकलेला. मी मुक्कामाला गेलो की ही काढायची, दुहेरी करून खाली घालायची. मी यायच्या आत परत घडी. कुणाला सांगायची न्हाई.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“थंडीचं दिवस व्हतं. हितं डबा ठिवाय गेलो, बोटं आत गेली.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो आसतो तर म्हणाली आसती, छे, उन्हाला घालायला काढली व्हती. आन् परत कवा घातली नसती. म्हणून मुक्कामच मागत ऱ्हायलो. तुला ठावं हाय की तुझी आई.”

केतकी गोधडीकडे बघते, पलंगाकडे बघते. तिचं डोकं सवयीने पलंगाची रुंदी दोनाने भागतं.

“तिच्या अर्ध्यात घालता आली असती की, आप्पा. तुमच्या अर्ध्यात फळी, तिच्या अर्ध्यात गोधडी.”

आप्पा पलंगाकडे बघतात. मग पंच्याने तोंड पुसतात.

“आली आसती,” ते म्हणतात. “आमाला दोघांनाबी न्हाई सुचलं बघ.”

बाहेर कुणीतरी दोनदा घंटी मारतं. आप्पा बूट घालायला खाली वाकतात, सहज, पाठ न धरता.

“आप्पा, थांबा. तुमचं काहीच विचारलं नाही मी.”

“संध्याकाळपातूरच बदलून देतो ना त्यो?”

“हो.”

“मग ऊठ की तू. मला कसली घाई हाय? घाई तुला हाय.”

केतकीचा अंगठा ठोकळ्याच्या मऊ थरात रुतलेला आहे. ती तो काढून घेते. खळगा सावकाश भरून येतो. खिडकीत फिकट उजेड आहे. आतून गॅसच्या लायटरचा आवाज येतो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पेटतो.

ती उठून स्वयंपाकघरात जाते. आईची वेणी अजून घालायची आहे.

“एवढ्यात उठलीस? आत्ता कुठे दूध ठेवतेय मी.”

“झोप लागली का गं?”

“लागली की. गादी म्हणजे काय, रुखवतात मांडावी अशी आहे.”

“मी झोपायचं विचारते आहे, मांडायचं नाही.”

“झोपायलाही चांगलीच आहे. एवढी हौसेनं आणलीस.”

“आणि हात?”

“हाताला काय धाड भरलीय?” आई फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढते आणि ओट्यावर ठेवते. दोन्ही हातांनी.

केतकी आपल्या खोलीतून तापमापक घेते आणि आईच्या खोलीत जाते. पलंगावर नवी गादी, तिच्यावर चादर ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. पायथ्याशी सोलापुरी चादरीची घडी. कोपऱ्यात ट्रंक. ट्रंकेवर खाली घोंगडं, त्याच्यावर गोधडी, कडेला कड जुळवलेली. ती गोधडीला हात लावत नाही. आधी तापमापक नुसताच हवेत धरते. मग सुई घोंगड्याच्या घड्यांत सारते, आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबते. मग गोधडीच्या अगदी आतल्या घडीत.

“आलं घालू का गं चहात?” आई आतून विचारते.

“घाल.”

आकडा चढत जातो, रेंगाळतो, थांबतो.

खोलीतली हवा एकोणीस पूर्णांक सहा अंश. घोंगड्याची आतली घडी एकोणीस पूर्णांक सहा. गोधडीची आतली घडी एकोणतीस पूर्णांक दोन.