दिव्यात भरलेली वाळू

साईनाथरावांना विधान परिषदेवर जाऊन चार वर्षं झाली होती, पण कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली आवडी त्यांना अजून रेडिओवालेच म्हणायची. चौक गावच्या नाक्यावर त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हापासूनची ओळख. ते वाडीत आले तेव्हा तिनं सरकारनं वाड्यावाड्यांत वाटलेला सौरदिवा त्यांच्यापुढे धरला.

"आट दिस जळला नि मेला. तुमीच उगडून बगा."

दुकानातून त्यांनी लोधिवलीला स्टॅबिलायझरचा कारखाना उभा केला होता. एकदा एका पेटीत सोल्डरिंग कच्चं निघालं, तर गेलेला सगळा माल परत आणून त्यांनी कामगार बायांच्या रांगेत बसून टाके पुन्हा मारले होते. त्याच नावावर पक्षानं त्यांना बोलावलं. कारखाना मुलाकडे, प्रवीणकडे गेला.

ड्रायव्हरकडून पेचकस घेऊन त्यांनी दिवा उघडला. बॅटरीच्या डब्यात बोटाएवढा एकच सेल होता. उरलेल्या जागेत पिशवीत बांधलेली वाळू. झाकणाच्या आत त्यांच्याच कारखान्याचा छापा, त्यांच्या आईच्या नावाचा.

घरी प्रवीण जेवत होता. त्यानं ताटावरून मानही वर केली नाही.

"वजन भरावं लागतं, बाबा. तपासणारा उचलून बघतो, उघडून बघत नाही."

"लाज नाय वाटत?"

"कंत्राटासाठी शिफारसपत्र कुणाचं होतं? सही तुमचीच आहे."

होती खरी. गठ्ठ्यातले कागद न वाचताच त्यांनी सह्या ठोकल्या होत्या. संध्याकाळी ते तक्रार लिहायला बसले. कारखान्याचं नाव लिहिलं, मुलाचं लिहिलं. खाली सही करायची वेळ आली आणि हात हलेना. शेवटी त्यांनी कागद चुरगळला. मुलाची किळस येत होती, त्याहून जास्त त्या न हलणाऱ्या हाताची.

पंधरवड्यानं, बोभाटा नको म्हणून, प्रवीणनं आवडीच्या एकट्या वाडीला नवे दिवे दिले. हार झाले, फोटो झाले. साईनाथराव फोटोत हसले. आवडीनं मात्र दिवा घेतला तो तिथंच कोयत्याच्या टोकानं उघडला. आत अख्खी बॅटरी होती.

"ह्यो बरा हाय. बाकीच्या वाड्यांचं काय?"

सगळे साईनाथरावांकडे बघू लागले. प्रवीणनं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"बघतो," साईनाथराव म्हणाले.

चौकच्या दुकानात हा शब्द त्यांनी कधी कुणाला ऐकवला नव्हता. आता तो किती सहज तोंडातून सुटला, याचीच त्यांना शिसारी आली. आवडी दिवा काखेत मारून चढाला लागली.