हलगीला चामडी किती

आयोजकाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरच्या दोन कलाकारांना फसवलं आणि त्यासाठी माझी वर्दी वापरली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हाच्या बातम्यांत उलटंच आलं होतं. निवृत्त झालो तरी तो दिवस डोक्यातून जात नाही.

ते दोघे सख्खे भाऊबहीण. ती गिटार वाजवायची आणि घशातून गुरगुरत गायची. तो ड्रम आणि हलगी वाजवायचा. कानठळ्या बसवणारा धडधडाट आणि मध्येच जात्यावरची ओवी, असं त्यांचं संगीत. बाहेर नाव झालं होतं, पण कोल्हापुरात हा पहिलाच कार्यक्रम. वडील कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवत आलेले. पोरांना स्टेजवर ते प्रथमच बघणार होते.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. मीच घेतला. दाबलेला आवाज म्हणाला, "त्या दोघांच्या हलगीत गांजा आहे. दोन चामड्यांच्या मध्ये भरलाय."

मी शिपाई म्हणून भरती होऊन अधिकारी झालो. खेड्यात वाढलो. हलगी म्हणजे एक कडं आणि एकाच बाजूने ताणलेलं चामडं; मागून सताड उघडी. तिच्यात बिडीसुद्धा लपत नाही. खबर देणारा इकडचा नव्हता, हे तिथेच कळलं. पण खबर आली की झडती चुकत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना कळवलं आणि दोन पंच घेऊन मैदान गाठलं.

आमच्या आधी तिथे कॅमेरेवाले हजर होते. स्टेजवर मात्र एकही स्पीकर नव्हता. दोन्ही गोष्टी मला खटकल्या.

सामान उघडलं. भावाने हलगी पुढे केली. बहीण भडकली.

"बघा की साहेब, आरपार दिसतंय. आमचा बा गेटावर उभा हाय. त्याच्यासमोर आमास्नी चोर करताय व्हय?"

काही सापडलं नाही. तसा पंचनामा केला.

आयोजक बाहेरच्या शहरातला. तो तंबूत बसून कॅमेऱ्यांना सांगत होता, की पोलिसांमुळे कार्यक्रम रद्द होतोय. रद्द कुणीच केला नव्हता. कॅमेरे बाहेर काढले आणि समोर खुर्ची ओढून बसलो.

"पावणं, हलगीला चामडी किती?"

"दोन. का?"

दारातला पंच फिस्सकन हसला. "ह्यानं हलगी फकस्त पोस्टरवर बघितलीया."

मी हसलो नाही. त्याचा फोन टेबलावर ठेवायला लावला. दुपारच्या नंबरांत आमचं ठाणं होतं. मग तो बोलता झाला. स्पीकरचा संच त्याने त्याच संध्याकाळी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही कबूल केला होता. कलाकारांना पोलिसांनी अडवलं की कार्यक्रम बुडाल्याचं खापर आमच्यावर फुटणार होतं.

"गुन्हा सोडा, संच आणतो," तो म्हणाला. माझ्याशी घासाघीस.

"गुन्हा होणारच. संच न्हाय आला, तर काय केलंस ते ह्या पब्लिकला माइकशिवाय सांगायचं."

वाढदिवसासाठी संच घेऊन शाहूवाडीच्या वाटेला लागलेला ट्रक माघारी फिरला.

स्टेजमागे शेणी, म्हणजे गोवऱ्या, पेटवून वडिलांनी स्वतः हलगी शेकली. चामडं तापलं, खणखणीत झालं. पहिल्या ठोक्याला माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. संगीत मला कळलं नाही. शेजारी उभे असलेले वडील कानात ओरडले, "गोंगाट लई हाय साहेब, पर ठेका चुकत न्हाय पोरांचा." पुढे ओवी आली तेव्हा ते बोटांनी ठेका धरू लागले. त्या चिडलेल्या पोरीने स्टेजवरूनच मला हात केला. इतकं हलकं मला नोकरीत फार कमी वेळा वाटलं.

खबर देणाऱ्याला काय माहीत आहे, यापेक्षा काय माहीत नाही हे आधी बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

पण हिशेब पुरा झालेला नाही. खोट्या खबरीचं प्रकरण मी वर पाठवलं, ते वरच दाबलं गेलं. कलाकारांना त्रास दिला म्हणून मेमो मात्र मला. झडती सगळ्या कॅमेरेवाल्यांनी दाखवली, काही सापडलं नाही हे कुणीच दाखवलं नाही. तो आयोजक आजही कार्यक्रम लावतो. प्रकरण ज्याने दाबलं, त्याने मलकापूरला जाऊन गेटावर उभ्या राहिलेल्या त्या बापाला कारण सांगावं. वाट दाखवायला मी येतो.