घट्ट बसलेला चुडा

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा पलीकडे वळवला. "ठोके लागत नाहीत," त्या म्हणाल्या. "बाळ पोटातच गेलंय." आठवा महिना होता माझा. मी वेड्यासारखं विचारलं, "परत एकदा बघता का?" त्यांनी परत बघितलं.

कारण होतं प्रीएक्लॅम्पसिया. म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात, बऱ्याचदा अंगावर सूज येते. वारेतून बाळाला रक्त पुरत नाही. "मागच्या तपासणीला का आला नाहीत?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार? त्या दिवशी गारगोटीला आमच्या घरी माझी ओटी भरायची होती. मांडव घातलेला, पाहुणे आलेले. तपासणी पुढच्या आठवड्यावर मीच ढकलली.

कासारीण चुडा भरायला बसली, तर माझ्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या चढेनात. "हात सुजल्यात की वो," ती म्हणाली. सासूबाई हसल्या, "सुजलं न्हाय, अंगानं भरलीया पोरगी!" मीही लाजले. कौतुक कुणाला नको असतं? साबण लावून चुडा चढवला.

मग डोकं ठणकायला लागलं. ते दगदगीवर ढकललं. बाळाची हालचाल कमी झाली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिवस भरत आलं की बाळ गप पडतंय." दोन दिवस मी तेच धरून बसले. तसं नसतं गं बायांनो. हालचाल मंदावली की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कोल्हापूरला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सलाइन लावताना नर्सनं हळूच विचारलं, "ताई, बांगड्या वाढवू?" फोडू, असं ती म्हणाली नाही. चुडा मनगटात रुतला होता. फडकं गुंडाळून तिनं एकेक बांगडी वाढवली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.

औषधानं कळा आणल्या. मुलगी झाली. नाक नवऱ्याचं. पलीकडच्या खाटेवरचं बाळ रडत होतं, माझं रडलं नाही. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं.

यंदा धाकट्या जावेची ओटी भरायची ठरली. नेमकी त्याच दिवशी तिची तपासणी. आम्ही तिला आधी दवाखान्यात न्यायला निघालो, तर मांडवात बायका खोळंबल्या, कुणी नाकं मुरडली. सासूबाई कडाडल्या, "बसू देत की! आधी बीपी, मग चुडा."

बीपी ठीक निघालं. घरी कासारणीनं चुडा भरला, तो सहज चढला. जावेनं हात हलवला, बांगड्या किणकिणल्या आणि मला रडू फुटलं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्याही रडत होत्या.